सलाम आकडी आणि स्टेरॉइड

१८४१ सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्ण होता त्यांचाच वर्षभराचा मुलगा. चार महिन्यांचा होईपर्यंत बाळ निरोगी होते. मग त्याची मान अधूनमधून पुढे झुकू लागली. सुरुवातीला कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे एकामागून एक दहा-वीस झटके येऊ लागले आणि बाळ हसेनासे झाले. वेस्ट यांनी जळवा लावल्या, हिरड्यांना छेद दिले, पाऱ्याचे जुलाब दिले, अफूही देऊन पाहिली. गुण आला नाही. सर चार्ल्स क्लार्क यांनी अशी मुले पूर्वी पाहिली होती. वाकण्याच्या ढबीवरून ते या विकाराला 'सलाम आकडी' म्हणत. नाव मिळाले, उपाय नाही.

तो मिळायला शंभरावर वर्षे लागली, आणि आला तो भलत्याच वाटेने. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड तयार करतात. त्यांना तसा हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, 'एसीटीएच' या संप्रेरकामार्फत. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला याच जातीचे कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच पडलेप आराम वाटू लागला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग काय, ज्या रोगाला औषध नाही त्याला हे देऊन पाहा, अशी लाटच आली! त्याच वर्षी क्लाइन आणि लिव्हिंग्स्टन यांनी आकडी येणाऱ्या काही मुलांना एसीटीएच दिले. १९५८ मध्ये बेल्जियमच्या सोरेल यांनी ते सलाम आकडीच्या बाळांवर वापरले. झटके तर थांबलेच, शिवाय मेंदूच्या विद्युत आलेखातला गोंधळही निवळला.

गंमत अशी, की आकडीच्या इतर बहुतेक प्रकारांत स्टेरॉइड हे नेहमीचे औषध नाही. मग इथेच का चालते? एक तर्क असा आहे : पीयूषिकेला जागे करणारे मेंदूतले एक संप्रेरक तान्ह्या मेंदूला फार उत्तेजित करते, आणि स्टेरॉइड वाढले की ते कमी होते. अजून हे पुरते सिद्ध झालेले नाही.

२००४ साली, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच, ब्रिटनमधील १०७ बाळांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांनी संप्रेरक उपचार घेतलेल्यांपैकी ७३ टक्के बाळांचे झटके थांबले होते. व्हिगाबॅट्रिन या दुसऱ्या औषधाने ५४ टक्क्यांचे. स्टेरॉइडने रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून उपचार थोडे आठवडेच करतात. आपल्याकडे एसीटीएच महाग पडते, त्यामुळे प्रेडनिसोलोन तोंडावाटे देण्याची पद्धत बरीच रूढ आहे.

उपचार जितका लवकर, तितकी बाळाची पुढील वाढ बरी होण्याची आशा अधिक. पण घरात अजूनही 'दचकतंय' किंवा 'पोटात कळ येतेय' असे म्हणून दिवस जातात. हे झटके बहुधा झोपेतून उठल्यावर, ओळीने येतात. मोबाइलवर त्यांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवले, तर निदान बरेच सोपे होते.