भुताळी आणि करणी : आरोपाची घडण

जादूटोण्यावरचा विश्वास आणि जादूटोण्याचा आरोप या वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वास गावभर असतो; आरोप मात्र एकाच माणसावर येतो. तो कोणावर, हे कसे ठरते?

मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतील अझांदे समाजावरच्या ग्रंथात धान्याचे कोठार कोसळल्याचे उदाहरण दिले. खांब वाळवीने पोखरले होते, हे लोकांना ठाऊकच होते. मात्र अमुकच माणूस खाली बसलेला असताना ते का पडले, याचे उत्तर ते चेटकात शोधत. मानववंशशास्त्रज्ञ पीटर गेशिएर यांनी पुढे कॅमेरूनच्या अभ्यासातून चेटूक ही नात्यागोत्याची काळी बाजू असल्याचे मांडले.

ठाणे जिल्ह्यात या आरोपाची दोन रूपे दिसतात.

पहिले, चव्हाट्यावरचे. आदिवासी पाड्यावर आजार हटेना की भगत (पाड्यावरचा मांत्रिक) तांदळाचे दाणे मांडून कारण सांगतो आणि एखादी बाई भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, ठरते. इथे निदानाला गाव साक्षी असते, शिक्षेलाही. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यात करणीच्या संशयावरून पंचाहत्तरीच्या वृद्धाला गावकऱ्यांसमोर निखाऱ्यांवर नाचवले गेले.

दुसरे, बंद दाराआडचे. लोकलच्या डब्यात ‘करणी, वशीकरण, गृहक्लेश’ अशा जाहिराती चिकटवणारा बाबा सहसा नाव घेत नाही. ‘जवळचंच माणूस आहे, घरात येणं-जाणं आहे,’ एवढेच तो म्हणतो. जावेचे किंवा नणंदेचे नाव गिऱ्हाईकच मनात भरते. जिच्यावर संशय आहे, तिला हळदीकुंकवाचे बोलावणे येईनासे होते. कारण कळत नाही.

बंद दार म्हणजे सौम्य प्रकार, असे मात्र नाही. जुलै २०२० मध्ये कल्याणजवळच्या अटाळीत भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मायलेकाचा जीव गेला. संशयित मांत्रिक आणि घरचेच नातेवाईक होते. इथे पीडित चेटूक करणारे नव्हे, ‘झपाटलेले’ मानले गेले. पण अडवायला बाहेरचे कोणी नव्हते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. चव्हाट्यावरच्या आरोपाला हा कायदा लागू करणे सोपे, कारण साक्षीदार असतात. मनातल्या संशयाला पंचनामा नसतो. तिथे आजाराचे वेळेवर निदान आणि घरातल्या वाटणीच्या वादाचा लवकर निकाल, हेच आरोपाआधीचे उपाय उरतात.