जासूद आणि कारभारी

मुळशीच्या घाटमाथ्यावर आंबवण्याजवळ कोरीगड उभा आहे. ११ मार्च १८१८ रोजीं कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेनें त्यास वेढा दिला. तीन दिवस गड दाद देईना. १४ मार्चला शत्रूचा एक गोळा दारूच्या कोठारावर पडला, आणि ज्या सांठ्याच्या बळावर गड लढत होता त्यानेंच त्याचा घात केला. गड शरण गेला. ज्या युद्धांत तो पडला, त्या युद्धाच्या पापाचा मोठा वांटा इतिहासानें ज्याच्या माथीं मारला, त्या त्रिंबकजी डेंगळ्याचें चरित्र याहून फारसें निराळें नाहीं. त्याचा नाश त्याच्या दुर्गुणांनीं केला त्याहून अधिक त्याच्या गुणांनीं केला.

१८०२ सालीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां दुसरा बाजीराव महाडास पळाला. त्या धामधुमींत पुण्याहून पत्र घेऊन गेलेला आणि नवल वाटावें इतक्या थोड्या वेळांत त्याचें उत्तर घेऊन परतलेला एक जासूद, ही त्रिंबकजीची पहिली ओळख ग्रांट डफ देतो. वेग, धाडस आणि धन्याच्या शब्दापुढें स्वतःचा शब्द न आणणारी निष्ठा, हे जासुदाचे गुण होत. ते त्रिंबकजीच्या ठायीं पुरेपूर होते. जुन्या सरदारांविषयीं मनांत कायम संशय बाळगणाऱ्या बाजीरावास असाच मनुष्य हवा होता. जासुदाचा कारभारी झाला. १८१४ सालीं अहमदाबादचा सरसुभाही त्याच्या हातीं आला.

परंतु जासुदाचा धर्म वेगळा आणि कारभाऱ्याचा वेगळा. जासुदानें पत्र उघडूं नये, निमूटपणें पोंचवावें. कारभाऱ्यानें तें उघडून वाचावें, आणि त्यांत राज्याचें अहित दिसल्यास धन्याचा रोष पत्करूनही तें थांबवावें. नाना फडणिसाचें मोठेपण या थांबविण्यांत होतें. त्रिंबकजीस पळणें ठाऊक होतें, थांबविणें ठाऊक नव्हतें. भित्र्या धन्याच्या मनांत जी इच्छा उठे, ती तिचा विचार होण्यापूर्वींच या चाकराच्या हातून कृतींत उतरे.

बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांच्या हिशेबाचा तंटा मिटविण्यासाठीं इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. २० जुलै १८१५ च्या रात्रीं पंढरपुरास विठोबाच्या दर्शनाहून परततांना त्यांचा खून झाला. त्यांत बाजीरावाचा हात किती होता, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं. त्रिंबकजीविषयीं मात्र शंका फार थोड्यांस आहे. रेसिडेंट एल्फिन्स्टननें त्याला मागून घेतलें, आणि त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यांत झाली.

तेथें त्याच्या धाडसानें शिखर गांठलें. पहारा सारा गोऱ्या शिपायांचा होता. घोड्याचा खरारा करतां करतां एक मराठा मोतद्दार गाणें म्हणे. त्या गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्यास कळत असे आणि पहारेकऱ्यांस त्यांतलें अक्षरही समजत नसे, अशी कथा पुढें सर्वत्र पसरली. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं त्रिंबकजी निसटला, महादेवाच्या डोंगरांत शिरला आणि माणसें जमवूं लागला.

हा पराक्रमच घातक ठरला. कैदेंतल्या त्रिंबकजीचें निमित्त इंग्रजांस संपलें होतें. मोकळ्या त्रिंबकजीनें तें पुन्हां मिळवून दिलें. एल्फिन्स्टननें त्याला एका महिन्यांत स्वाधीन करण्याची मागणी केली, आणि जामीन म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड मागितले. १३ जून १८१७ च्या तहांत बाजीरावानें मराठी राज्यमंडळावरील आपलें वडीलपण सोडलें, आणि आपला चाकर खुनी आहे असेंही कबूल केलें. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली.

३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लाखांचें वेतन आणि ब्रह्मावर्ताचा गंगाकांठ मिळाला. त्याच वर्षीं नाशिक प्रांतांत पकडलेल्या त्रिंबकजीलाही गंगाकांठच लाभला, पण तो चुनारच्या तुरुंगाचा. १८२९ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. धन्याला नकार देण्याचें धैर्य त्याच्यापाशीं असतें, तर कदाचित् त्याची चाकरी गेली असती. राज्य एवढ्या लवकर गेलें नसतें.