लस टोचण्यापूर्वीचा प्रश्न

हिंदुस्थानात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. त्याच लशीच्या बळावर पुढे देवीचे उच्चाटन झाले. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. तेव्हा आम्ही लशीच्या पक्षाचे आहोत, हे उघड आहे. परंतु या इतिहासाला दुसरीही बाजू आहे.

या लशीत जिवंत विषाणू असे. निरोगी माणसाच्या दंडावर एक फोड येई, खपली धरे, वण राही. इसब असलेल्याच्या कातडीवर मात्र तेच फोड पसरत आणि प्रसंगी जिवावर बेते. १९४९ साली संधिवातावर कॉर्टिझोनचा गुण जाहीर झाला. पण असली औषधे मोठ्या प्रमाणात घेतली की शरीराची प्रतिकारशक्ती दबते, आणि जिवंत लस धोक्याची ठरते. १९८४ साली अमेरिकेत एका तरुण सैनिकाला देवीची लस दिली, तिचा विषाणू त्याच्या अंगभर पसरला. त्याला एचआयव्हीची बाधा आहे, हे नंतर कळले. मेलेल्या जंतूंच्या लशीत हे भय नसते.

म्हणून टोचण्यापूर्वी आजार व औषधे विचारलीच पाहिजेत. रोजी बुडेल या धास्तीने दुखणे लपविणारे कामगार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना निर्भयपणे बोलता आले पाहिजे. आणि ज्याला लस घेता येत नाही, त्याची राखण शेजाऱ्यांनी लस घेऊनच करावयाची असते. संघटना म्हणतात ती याहून निराळी नव्हे.