परत आणलेली कामं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात गरिबांना सरकारी मदत मिळते. त्याविषयी तिथून केलेले फोन २००२ साली चक्क मुंबईत उचलले जात होते! कंत्राटदार कंपनीने स्वस्त पडतं म्हणून हे काम विस्कॉन्सिनमधून इकडे हलवलं होतं. राज्य सिनेटच्या सदस्य शर्ली टर्नर खवळल्या. बेकारांना मदत द्यायची आणि त्या मदतीचंच काम परदेशी पाठवायचं, हे त्यांना पटेना. अखेर केंद्र कॅम्डेन शहरात आणलं गेलं. खर्च वाढला, नोकऱ्या मिळाल्या जेमतेम डझनभर. मुंबईत रात्रपाळी करणाऱ्या पोरांचं पुढे काय झालं, ते मी तरी कुठे वाचलं नाही.

मोठा प्रयोग केला तो मोटारवाल्यांनी. जनरल मोटर्सने १९८४ मध्ये रॉस पेरो यांची ईडीएस ही संगणक कंपनी विकत घेतली आणि १९९६ मध्ये वेगळी काढली. २०१२ पर्यंत कंपनीचं संगणकाचं सुमारे ९० टक्के काम बाहेरचे लोक करत. त्या वर्षी आलेल्या रँडी मॉट यांनी तीन वर्षांत हे प्रमाण उलटं करायचं ठरवलं. ऑस्टिन, वॉरेन, रॉझवेल, चँडलर इथे केंद्रं निघाली आणि नुकतीच पदवी घेतलेली मुलंमुलीही घेतली गेली. मला यात मोल वाटतं ते नवख्याला जुन्या माणसाशेजारी बसायला मिळालं याचं. चाचण्या घ्यायच्या, बारीकसारीक चुका दुरुस्त करायच्या, ही या धंद्यातली धुळाक्षरं. परदेशी जाणाऱ्या कामांत तीच मोठ्या प्रमाणावर होती.

याच कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सॉफ्टवेअर विभागातले हजाराहून जास्त लोक कमी केले. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी हीच धुळाक्षरं गिरवू लागली आहे. म्हणजे काम मायदेशी आलं, तरी ते पोराच्या हाती पडेलच असं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी एक विधेयक मांडलं. परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावावा, असं ते म्हणतं. आपल्याकडे चर्चा झाली ती कराचीच. पण तो पैसा उमेदवारी आणि प्रशिक्षणावर खर्चावा, असंही त्यात आहे. मला ते कलम अधिक महत्त्वाचं वाटतं. उमेदवाराला शिकण्यासाठी चुका करू द्यायच्या, तर त्या वर्षाचा पगार कुणीतरी सोसायला हवा. आणि यंत्र स्वस्त असताना कंपन्या तो आपणहून सोसतील, असं मला वाटत नाही.