पश्चिमाभिमुख कडा आणि छायाचित्रकाराची काच



मराठवाड्याच्या इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि बखरी यांची नावे आपल्या ओठांवर येतात. त्यांच्या पंक्तीस जुन्या छायाचित्रांनाही बसविले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आमच्या बदनापूरपासून पश्चिमेस, रस्त्याने सुमारे ७० किलोमीटरांवर वेरूळचा डोंगर आहे. त्याच्या कड्याचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी लेणी डोंगराच्याच छायेत असतात. दिवस कलला म्हणजे ऊन आत शिरते. उन्हे तिरपी झाली की दगडावरील लहानशा उंचवट्याचीही सावली लांबते आणि मध्यान्ही न दिसणारे छिन्नीचे घाव उठून दिसू लागतात. कैलास लेणे शिखरापासून पायथ्याकडे खोदीत आणले, हे आपण पुस्तकांत वाचतो. मागच्या सुमारे १०० फूट उंच कड्यावरील ते घाव त्याची साक्ष देतात.

ही साक्ष कागदावर उतरविणाऱ्या पहिल्या मंडळींत रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी होता. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी त्याची नेमणूक झाली. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. अजिंठा व वेरूळ येथील त्याची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

हे काम सोपे नव्हते. त्या काळच्या रूढ रीतीप्रमाणे काचेवर कलोडियन नावाचे द्रावण पसरून ती रुप्याच्या क्षारात बुडवावी लागे. काच ओली आहे तोवरच चित्र घेऊन, जवळच्या अंधाऱ्या तंबूत ते धुवावे लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात ती किती लवकर सुकत असेल, याची कल्पना करावी! शिवाय ही काच निळा प्रकाश जाणी. तांबडा तिला जवळजवळ काळोखच. म्हणजे कातळ उजळविणारी सायंकाळची जी तांबूस प्रभा आपल्या डोळ्यांस मोहविते, ती काचेच्या उपयोगी पडत नसे. तिरपे ऊन तर हवे, पण ते तांबूस होण्यापूर्वी काम उरकले पाहिजे, अशी ही कसरत होती. तांबडा रंगही जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

यानंतर दैवाचा खेळ पाहा. गिलने वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. छायाचित्रांच्या मात्र अनेक प्रती निघालेल्या होत्या, म्हणून ती उरली. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही वेरूळ व दौलताबाद येथील दृश्ये टिपली.

या चित्रांचे मोल केवळ शोभेचे नव्हे. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची डागडुजी झाली. कोणता खांब मूळचा आणि कोणता नव्याने उभारलेला, हा प्रश्न पडला तर त्यापूर्वीची छायाचित्रे आपणांस उत्तर देतात. दगडही झिजतो, श्रोतेहो. म्हणून तो एके दिवशी कसा होता याची नोंद ठेवणे अगत्याचे असते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वेरूळास जाल तेव्हा जुन्या चित्रकाराची जागा शोधा, दिवस कलू द्या, आणि तोच कडा पुन्हा टिपा. चित्रामागे दिनांक, वेळ व स्थळ लिहावयास मात्र विसरू नका. एवढे केलेत, तर तुमच्या नातवंडांस इतिहासाचे एक साधन तुमच्याकडून मिळेल.