काठावरचा विद्यार्थी : बर्कली ते लातूर

१/ १९६५ साली बर्कलीतील प्राध्यापक लोटफी झादे यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. पारंपरिक संचात घटक आत असतो किंवा बाहेर. झादे यांनी ० ते १ यांच्या दरम्यान सदस्यत्वाची मात्रा कल्पिली. आपल्या ‘बेताचा’, ‘बरा’, ‘बऱ्यापैकी’ या शब्दांतही मात्राच दडलेली आहे.

२/ प्रवेशाची रेषा मात्र कठोर असते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशांसाठी ७०:३० सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागासाठी, ३० टक्के राज्यासाठी. मराठवाड्यात महाविद्यालये तुलनेने कमी. त्यामुळे ‘लातूर पॅटर्न’मध्ये घडलेला नांदेड-लातूरचा विद्यार्थी चांगले गुण मिळवूनही विभागाच्या सीमेवर अडे. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले.

३/ आता अकरावीच्या प्रवेशाचे एक काल्पनिक उदाहरण घ्या. निकष तीन : गुण, अंतर, खर्च. लातूरमधील नामांकित महाविद्यालयाची अनुरूपता ०.९, ०.८, ०.२, गावाजवळच्या महाविद्यालयाची ०.७, ०.६, ०.६. झादे यांच्या छेदसंचात सर्वांत लहान मात्रा ग्राह्य धरतात. म्हणून पहिल्यास ०.२, दुसऱ्यास ०.६. केवळ गुण पाहणाऱ्या यादीला जे दिसत नाही, ते येथे दिसते : घराला न झेपणारा खर्च.

४/ तथापि हे गणित जागा वाढवीत नाही. अखेरीस रेषा ओढावीच लागते. ती कोणी ओढली, कोठे ओढली आणि तिच्यापलीकडे कोण राहिले, हा प्रश्न इतिहासाचा आहे.