गाणाऱ्यांपुढें उभा राहणारा

शाळेची घंटा होते, मुलें रांगेनें उभीं राहतात आणि एखादा शिक्षक पुढें येऊन प्रार्थनेला आरंभ करून देतो. हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा श्रोता महाराष्ट्रांत सांपडणार नाहीं. बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून मीं पस्तीस-एक वर्षें मास्तरकी केली आणि बहुतेक ठिकाणीं प्रार्थनेचें काम माझ्याकडे आलें. त्याचें कारण एवढेंच कीं, माझा आवाज मोठा होता. अनेकांकडून गाऊन घेणें ही स्वतंत्र विद्या आहे, ती शिकावी लागते व तिला स्वतःचा इतिहास आहे, हें मला फार उशिरां उमगलें. त्या इतिहासाचें धावतें दर्शन घडवावें आणि त्यांतून निघणारा एक प्रश्न आपणांपुढें ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

समूहानें गाणें ही परक्यांची रीत, आपल्याकडे जो तो आपापला गातो, असें पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात. तें खरें नाहीं. कीर्तनकाराच्या मागें झीलकरी उभे असतात. ते धृपद उचलतात, बुवांना श्वास घेण्यास अवसर देतात आणि समोरच्या लोकांना गाण्यांत ओढून घेतात. शाहिराचा फडही झीलकऱ्यांवांचून रंगत नाहीं. तुकोबांनीं आपल्या आत्मपर अभंगांत सांगून ठेविलें आहे कीं, आरंभीं आपण गाणाऱ्यांच्या मागें राहून शुद्ध मनानें धृपद धरीत होतों. मराठी भाषेचा एवढा थोर कवि आपल्या साधनेचा पहिला धडा झीलकऱ्याच्या जागीं उभा राहून गिरवितो, ही गोष्ट आमच्या गाण्याच्या शिक्षकांनीं विसरूं नये.

आतां वारकऱ्यांचें भजन पाहा. टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे असतात, मध्यें मृदंग, आणि वीणा गळ्यांत घेतलेला विणेकरी. कोणी हातांत काठी घेऊन ताल दाखवीत नाहीं. चाल एकानें उचलावयाची, एका रांगेनें ती घ्यावयाची, दुसरीनें परत द्यावयाची. लय वाढवावयाची असेल तर म्होरक्याचा टाळ किंचित् आधीं पडतो, त्याची मान हलते, पाऊल बदलतें, आणि तेवढ्या खुणेवर पन्नास माणसें वळतात. येथें पुढारी गाणाऱ्यांच्या बाहेर नसून त्यांच्यांतच असतो.

परंतु समुदाय जेव्हां हजारांनीं वाढतो, तेव्हां बाहेरून पाहणारा कोणी तरी लागतोच. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचें शिस्तबद्ध स्वरूप हैबतरावबाबा आरफळकर यांनीं १८३२ च्या सुमारास दिलें. ते शिंद्यांच्या पदरीं राहिलेले सरदार. फौजेची शिस्त त्यांनीं भक्तीच्या कामीं लाविली. पालखी मुक्कामीं पोहोंचली म्हणजे समाजआरती होते. सभोंवार दिंड्या उभ्या असतात आणि टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. इतक्यांत चोपदार आपला चोप वर करतो, आणि क्षणार्धांत तो सारा नाद थांबतो. एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तर तेवढी एक दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचें म्हणणें ऐकून घेतात. हा रिवाज मला फार अर्थपूर्ण वाटतो. सर्वांना थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे, त्यानें न थांबणाऱ्याचें गाऱ्हाणें ऐकलें पाहिजे, हें त्या अधिकाराचेंच अंग मानिलें आहे. आमचा जिल्हा या परंपरेला परका नाहीं. पैठणहून निघणारी नाथांची पालखी पाटोदा तालुक्यांतून जाते, मुक्ताबाईंची बीडवरून आणि शेगांवची परळी-अंबाजोगाईवरून.

युरोपांत या विद्येनें निराळें वळण घेतलें. तेथील समूहगानांत सर्वजण एकच चाल गात नाहींत. स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे असे चार आवाज एकाच वेळीं चार निरनिराळ्या ओळी गातात आणि त्यांचा मेळ जमवावा लागतो. प्रत्येकाला आपलीच ओळ ठाऊक; सगळ्यांचें मिळून काय होतें आहे हें ऐकणारा एक जण समोर हवा. पूर्वीं असा माणूस हातानें, कागदाच्या गुंडाळीनें किंवा काठीनें ताल देई. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारांतील संगीतकार ल्यूली हा अशीच जाड काठी जमिनीवर आपटीत असतां ती त्याच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यांतच १६८७ सालीं त्याचा अंत झाला. पुढें एकोणिसाव्या शतकांत हातांतली छडी हलकी झाली व तिचा आवाज बंद पडला. म्होरक्यानें स्वतः कांहींच नाद करावयाचा नाहीं, फक्त ऐकावयाचें आणि दाखवावयाचें, हें तत्त्व तेथें स्थिर झालें. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचण्यास व समूहानें गाण्यास शिकवीत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना मुंबईंत जे गोमंतकीय वादक लाभले, त्यांच्या तयारीचें मूळ पुष्कळसें या शाळांत होतें.

आतां आपल्या संगीत-विद्यालयांकडे येऊं. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें दृष्टि अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं त्यांनीं विद्या मिळविली आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. एका गुरूपाशीं एका शिष्यानें वर्षानुवर्षें राहावें ही जुनी रीत. तिच्या जागीं वर्ग आला, फळा आला, स्वरलिपीचीं पुस्तकें आलीं. वर्गांत दहा-वीस मुलें एकदम बसलीं म्हणजे त्यांना एकत्र गाऊन घेण्यावांचून गत्यंतर नसतें. यामुळें आपल्या अभिजात संगीतांत समूहगानाचा प्रवेश प्रथम शिकविण्याची सोय म्हणून झाला. पंडितजींनीं त्या सोयीचें सामर्थ्य ओळखलें. प्रार्थना व राष्ट्रगीतें त्यांनीं शिष्यवृंदाकडून सभांतून गाववून घेतलीं. उपदेशक वर्ग काढून विद्यार्थ्यांना शिक्षक म्हणून तयार केलें आणि त्यांना गांवोगांव धाडलें. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली. पुढें कर्जापायीं तेथील इमारत हातची गेली, परंतु शिष्य हातचे गेले नाहींत.

त्यांतील एक शिष्य नारायण मोरेश्वर खरे. गांधीजींनीं आश्रमासाठीं गायक मागितला आणि पंडितजींनीं खऱ्यांना साबरमतीस पाठविलें. तेथें शिकलेले-अनशिकलेले, लहानमोठे, नाना प्रांतांचे लोक होते. त्या सर्वांची प्रार्थना एका सुरांत आणणें हें त्यांचें काम. आश्रम-भजनावलि त्यांनींच सिद्ध केली. १२ मार्च १९३० रोजीं गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह दांडीस निघाले, त्यांत पं. खरे होते. चोवीस दिवसांच्या त्या चालींत थकलेल्या पायांना लय देणारा हा मराठी गवई होता. गांधीजींनीं १९२० सालींच लिहिलें होतें कीं, माझें चालेल तर स्वयंसेवकांना राष्ट्रगीतें एकत्र व शुद्ध म्हणण्याचें शिक्षण मी सक्तीचें करीन. सभेंतील बेशिस्त गर्दी पाहून त्यांना ही गोष्ट सुचली होती. गर्दी आणि समाज यांत काय अंतर आहे, हें त्यांनीं संगीताच्या कसोटीवर पाहिलें.

एकत्र गाण्यांत केवढी शक्ति असते, हें आम्हां मराठवाड्यांतील लोकांस निराळ्या रीतीनें कळलें. १९३८ सालीं हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि तेव्हांच्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणत. निजाम सरकारच्या अधिकाऱ्यांनीं तें बंद केलें. विद्यार्थ्यांनीं ऐकलें नाहीं, आणि शेंकडों मुलें शिक्षणास मुकलीं. नागपूर विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला. त्या मुलांत पुढें देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. आमच्या अंबाजोगाईस, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी विद्यालयांत कांहीं वर्षें शिकविलेले स्वामी रामानंद तीर्थ हेच या संस्थानांतील मुक्तिलढ्याचे नेते झाले. एकट्यानें गुणगुणलेल्या गाण्याची सरकारनें दखल घेतली नसती. खोलीभर मुलांनीं एका सुरांत म्हटलेलें गाणें त्याला सहन झालें नाहीं.

तें गीत सर्वांना म्हणतां येईल काय, हा प्रश्न दहा वर्षांनीं दिल्लींत निघाला. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, रंगभूमीवरचे व चित्रपटांतले नामांकित संगीतकार. त्यांनीं झिंझोटीच्या अंगानें समूहाला पेलेल अशी चाल बांधली, बँडवरही ती वाजवून घेतली आणि घटना-समितीच्या सभासदांपुढें गाऊन दाखविली. २४ जानेवारी १९५० रोजीं ‘जन गण मन’ हें राष्ट्रगीत ठरलें व ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्यांत आला. मास्तरांचा हेतु पुरता साधला नाहीं. तरीही एका श्रेष्ठ गवयानें आपली सारी तानबाजी बाजूस ठेवून, सामान्य माणसाचा गळा कोठवर चढतो व त्याचा श्वास कोठें सरतो याचा विचार करीत वर्षें घालविलीं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईस व्हिक्टर परंज्योति यांनीं गायकवृंद उभारला. १९६७ सालीं ते वारल्यावर कूमी वाडिया यांनीं त्याची धुरा घेतली आणि कित्येक दशकें वाहिली. गोव्यांत कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागांत फादर लूर्दिनो बार्रेतो यांनीं वृंदगानाचें दिग्दर्शन केलें. मात्र आमच्या हिंदुस्थानी संगीताच्या विद्यालयांत भर राहिला तो एकट्याच्या गायनावर. विद्यार्थी राग मांडतो, ताना घेतो, परीक्षा देतो, आणि शाळेंत संगीतशिक्षक होतो. तेथें त्याच्यापुढें चाळीस मुलें उभीं राहतात, आणि त्यांचें काय करावें हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें.

यांत शिकण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. पहिली गोष्ट पट्टीची. पुरुष शिक्षक आपल्या गळ्याला सोयीची काळी एक धरतो. मुलांचा आवाज उंच, त्यांना ती पट्टी खोल जाते व तीं बिचारीं घोगऱ्या आवाजांत पुटपुटतात. दुसरी श्वासाची. ओळींत कोठें थांबावयाचें हें ठरविलें नाहीं तर शब्द अर्ध्यावर तुटतात. तिसरी लयीची. समूह उत्साहानें नेहमीं पुढें धांवतो. त्याला आवरणारा हात लागतो. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट ऐकण्याची. म्होरक्या स्वतःच मोठ्यानें गाऊं लागला कीं त्याला स्वतःवांचून कोणी ऐकूं येत नाहीं.

हें चौथें ज्ञान मला एका विद्यार्थ्यानें दिलें. फार वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील शाळेंत तालुक्याच्या समूहगीत-स्पर्धेची तयारी चालली होती. एका मुलाचा सूर सारखा ढळे. मीं त्याला सांगितलें, “तूं रांगेंत उभा राहा, ओठ हलव, पण आवाज काढूं नकोस.” त्यानें मुकाट्यानें तसें केलें. आमच्या शाळेला बक्षीस मिळालें व मुख्याध्यापकांनीं माझी पाठ थोपटली.

वीस-बावीस वर्षांनीं शेजारच्या गांवच्या हरिनाम सप्ताहाला गेलों होतों. टाळकऱ्यांच्या रांगेंत तोच मुलगा, आतां मिशा आलेला, मोकळ्या गळ्यानें भजन म्हणत होता. सूर ढळत नव्हता. मीं नीट पाहिलें. त्याच्या दोन्ही अंगांस दोन पक्क्या गळ्यांचे म्हातारे उभे होते. त्याचा आवाज त्यांच्या मधून, कांठांच्या आधारानें वाहणाऱ्या ओढ्यासारखा चालला होता. भजन संपल्यावर तो पायां पडला आणि हंसून म्हणाला, “गुरुजी, आतां आवाज काढला तर चालतंय ना?” तो थट्टेनें बोलला होता. मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या भजनाच्या म्होरक्याला मीं नंतर विचारलें. तो म्हणाला, “कच्च्याला दोन पक्क्यांच्या मधीं उभा करायचा, बाकी कायी करावं लागत नाही.” शाळेचा उंबरा फारसा न ओलांडलेल्या त्या माणसाजवळ जें ज्ञान होतें, तें माझ्याजवळ नव्हतें.

म्हणून आमच्या संगीत महाविद्यालयांच्या चालकांपुढें माझें एकच मागणें आहे. गायन आणि वादन यांबरोबर समूहाकडून गाऊन घेण्याची विद्या हा स्वतंत्र विषय करावा. तिच्या अभ्यासांत युरोपची छडी असूं द्या, पलुसकरांची स्वरलिपि असूं द्या, परंतु विद्यार्थ्याला एक महिना एखाद्या दिंडीबरोबरही धाडावें. चोप वर झाला असतां जी दिंडी थांबत नाहीं तिच्याकडे कान कसा द्यावा, हें त्याला तेथें पाहावयास मिळेल. तेवढें तो शिकला, तर त्याच्या वर्गांतील कोणत्याही मुलाला नुसते ओठ हलवावे लागणार नाहींत.